जिन्यातली पाठमोरी बाई

३ जुलै, गुरुवार

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडलं नाहीस, असं धरून चालते. सहा वर्षांनी लिहितेय, म्हणून आधीच सांगते : कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही. तुझे भावोजी ठीक आहेत. गुडघ्याची तक्रार करतात आणि डॉक्टरकडे चल म्हटलं की गुडघा बरा होतो.

काल मला पोलिसांनी चौकीवर नेलं. संध्याकाळी घरी परत आले, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. पण दुसऱ्या कुणाकडून अर्धवट ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकावंस म्हणून लिहितेय.

सकाळी साडेदहाला दुकानात मी एका गृहस्थांच्या कानाचा साचा घेत होते. तो गुलाबी लगदा कानात भरला होता. पाच मिनिटं जबडा हलवायचा नाही, हे तुला माहीत आहेच. तेवढ्यात एक हवालदार आणि एक शिपाईबाई आत आले. "घरोघरी जाणाऱ्या, कानाच्या मशीनवाल्या बाई तुम्हीच का?" मी हाताची पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं थांबा. हवालदार खरोखरच थांबला. गृहस्थांचा एक कान भरलेला, दुसरा मुळातच अधू. त्यांना फक्त गणवेश दिसला. ते केवढ्यांदा ओरडले, "अहो, पण मी काय केलं?" मी त्यांची हनुवटी धरली आणि म्हटलं, "काही नाही केलंत, पण बोलू नका, साचा बिघडेल." साचा चांगला आला. मालक गल्ल्यामागे उभे राहून माझ्याकडे असे बघत होते, जणू मी आजच कामाला लागलेय.

चौकीत दोन खोल्या आहेत. मला बसायला दिलेल्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्यामुळे मी प्रत्येक उत्तराला डुलत होते. फौजदार वयाने लहान आहे, बोलायला नम्र. तक्रार अशी : आपल्या दुकानाच्या एक पेशंट, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या आजी. (तू गेल्यानंतरच्या, तू त्यांना ओळखत नाहीस.) १७ जूनला त्यांची सोन्याची कानातली घरातून गेली. आजींनी पोलिसांना सांगितलं की, मशीनवाली बाई येते तेव्हा कानातली काढायला लावते. ते खरंच आहे. काढल्याशिवाय साचा नीट येत नाही. मी ती त्यांच्या डोळ्यांदेखत डबीत ठेवते, काम झालं की स्वतःच्या हाताने घालते आणि घरी आल्यावर वहीत लिहिते, "कानातली परत घातली, दोन्ही." तू या 'दोन्ही'ला फार हसायचीस.

वही पिशवीत होतीच. मी १७ जूनचं पान उघडून दिलं. दुकानात दोन पेशंट, दुपारी शाळेत मुलांच्या कानांची तपासणी. आजींचं नाव नाही.

"वहीत नाही म्हणजे गेला नाहीत?" फौजदाराने विचारलं.

"वहीत नाही म्हणजे गेले नाही."

"सगळं लिहिता?"

"सगळं."

त्याने पानं चाळली. एका ठिकाणी थांबून मोठ्याने वाचलं, "'दूध उतू गेलं. भांडं ह्यांनी ठेवलं होतं, पण लक्ष माझं नव्हतं.' हेही लिहिता?" शिपाईबाई तोंडावर हात ठेवून हसली. मीही हसले.

त्यांनी आणखी काही गोष्टी विचारल्या, मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. चारच्या सुमाराला सोडलं. तुझ्याकडे कुणी चौकशीला आलं तर गोंधळून जाऊ नकोस. अशा प्रकरणात सगळ्या ओळखीच्यांकडे विचारतात. विचारतील तेवढंच सांग.

प्रकृतीला जप.

ताई


७ जुलै, सोमवार

धाकटे,

काल तुझा फोन आला तेव्हा मी समोरच बसले होते. तुझा आवाज ओळखून मी हात पुढे केला, पण तुझ्या भावोजींनी मान हलवली. म्हणजे तू नको म्हणाली असशील. फोन ठेवल्यावर मी त्यांना तुझं बोलणं शब्दन् शब्द सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. ते म्हणाले, "हिला जबाब नोंदवायची सवय लागली." तरी सांगितलं.

तू म्हणालीस : "शनिवारी दोन पोलीस वृद्धाश्रमात आले, जेवणाच्या वेळी. मी एका आजोबांना भरवत होते. सगळ्यांसमोर विचारलं, १७ जूनला कुठे होतीस. त्या दिवशी मंगळवार, माझी सुट्टी. मी घरी झोपले होते. आता झोपेला साक्षीदार कुठून आणू? व्यवस्थापक बाईंनी मला घरी बसायला सांगितलंय. तुझ्यावर काही नाही असा पोलिसांचा कागद आण, मग ये म्हणाल्या. त्यांचंही चूक नाही, म्हाताऱ्यांच्या अंगावर अंगठ्या असतात. पण महिनाअखेरीपर्यंत कागद आला नाही तर दुसरी बाई घेणार. ताईला फक्त विचारा, माझा पत्ता त्यांना कुणी दिला."

मी दिला.

गुरुवारच्या पत्रात 'आणखी काही गोष्टी' असं मी लिहिलं ना, ती ही गोष्ट. लिहिताना तिथे माझा हात थांबला होता. मग मी पुढचं वाक्य लिहिलं.

वही बघून झाल्यावर फौजदाराने खणातून एक फोटो काढला. आजींच्या जिन्यात खालच्या वळणावर कॅमेरा आहे. त्यात १७ जूनला सव्वाअकराच्या सुमाराला एक बाई खाली उतरताना दिसते. पाठमोरी. कॅमेरा जुना, उजेड कमी, कपड्यांचा रंगही कळत नाही. खांद्याला काळी पिशवी, आपलं दुकान देतं तशी. आणि डावा खांदा खाली गेलेला.

"या तुम्हीच ना?"

"नाही," मी म्हटलं. वहीत नव्हतं, तेव्हा मी नव्हतेच. याबद्दल मला शंकाच नव्हती.

"मग कोण?"

तू आठ वर्षांची असताना गच्चीच्या पायऱ्यांवरून पडलीस आणि तेव्हापासून तुझा डावा खांदा खाली गेला. आई तुझे सगळे झगे डाव्या बाजूने दोन बोटं आत घेऊन शिवायची. फोटोकडे बघताना मला ते झगे दिसले. मी म्हटलं, "माझी बहीण असू शकेल."

"असू शकेल, की आहे?"

"तिच्यासारखी चालते."

मग त्याने विचारलं, तिला हे काम येतं का. मी हो म्हटलं, दोन वर्षं माझ्याबरोबर दुकानात होती. पिशवी? तिच्याकडे आहे, जाताना तिने परत केली नाही. का गेली? तेही सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं आणि मला सोडलं. फोटोची एक प्रतही दिली, तुमच्या धंद्यातल्या आणखी कुणाला दाखवा म्हणाला. मी ती कुणालाही दाखवली नाही. वहीत ठेवलीय.

'का गेली' हे कसं सांगितलं, तेही तुला कळायला हवं. मी म्हटलं : एक पेशंट वारले, त्यांच्या मुलाने मशीन दुकानात परत आणून दिलं. माझ्या बहिणीने ते नोंद न करता एका शिंपिणीच्या आईला देऊन टाकलं. महिन्याची यादी जुळवताना एक मशीन कमी आलं, मालकांनी मला विचारलं, मी सांगितलं, त्यांनी तिला काढलं. यात एक अक्षर खोटं नाही. पण त्या आईला मशीन लावल्यावर तिने पहिल्यांदा शिवणयंत्राचा आवाज ऐकला आणि 'हे एवढं खडखडतं?' म्हणून रडली, हे तू मला सांगितलं होतंस. ते मी फौजदाराला सांगितलं नाही. त्याने विचारलं नव्हतं.

दुकान सोडताना तू दारात म्हणालीस, "मालकांनी विचारलं नसतं तरी तू सांगितलं असतंस." मी यावर पुष्कळ विचार केलाय. सांगितलं असतं.

मी आता काय करावं, हे मला समजत नाही. 'असू शकेल' हे मला वाटलं ते मी बोलले, ते मागे घेतलं तर खोटं बोलल्यासारखं होईल. तू सांग.

ताई


१० जुलै, गुरुवार

धाकटे,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण आता तुझ्या उत्तराची गरज उरली नाही, कारण मी काय करायचं ते ठरलंय.

मंगळवारी संध्याकाळी तुझे भावोजी टेबलावर चष्मा शोधत होते. माझी वही ते कधी वाचत नाहीत, पण फोटोचा कोपरा बाहेर आला होता. त्यांनी ओढून बघितला.

"हा तुझा फोटो कुणी काढला?"

"माझा नाही तो."

"तुझाच आहे की."

"ती धाकटी आहे," मी म्हटलं. त्यांनी चष्मा शोधून घातला, फोटो खिडकीपाशी नेला आणि हसायला लागले. मला राग आला.

"अगं बाई," ते म्हणाले, "बावीस वर्षं मी तुझ्या मागून चालतोय. बाजारात जाताना, दवाखान्यात जाताना, लोकांच्या लग्नांना जाताना. तू कधी थांबलीयस? तुझं तोंड मी पाहिलं असेल त्यापेक्षा पाठ जास्त पाहिलीय. ही तूच."

"खांदा बघा ना. डावा खाली गेलाय."

"तुझाही गेलाय. ती पिशवी वाहून."

"माझा नाही गेलेला."

"बरं," म्हणाले, आणि माझी पिशवी आणून माझ्या खांद्याला अडकवली, मला कपाटाच्या आरशाकडे पाठ करून उभं केलं आणि माझ्या हातात त्यांचा दाढीचा आरसा दिला.

धाकटे, सेहेचाळीस वर्षांत मी माझी पाठ बघितली नव्हती. कशाला बघणार? आरशात दिसली ती तू होतीस. अगदी तू, झग्याच्या त्या दोन बोटांसकट.

तरी मी म्हटलं, वहीत नाही. ते म्हणाले, "वही गेली खड्ड्यात." इतक्या वर्षांत ते माझ्या वहीबद्दल पहिल्यांदाच असं बोलले.

काल सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी सेलची नोंदवही काढली. मशीनमध्ये घालायच्या सेलची, कोणी किती नेले आणि किती परत आणले त्याची. १७ जून, माझं अक्षर : "तिसऱ्या मजल्याच्या आजी, पाकीट एक." त्याच्याच खाली, त्याच दिवशी : "परत."

आणि मग सगळं आठवलं. शेजारणीने दुकानात निरोप दिला होता की, आजींच्या मशीनचे सेल संपलेत. मी शाळेत जायच्या आधी सेल घेऊन गेले. पाच वेळा घंटा वाजवली, दार ठोठावलं. कुणी उघडेना. उघडणार कसं? सेल संपलेले, घंटा ऐकू कुठून येणार! हे मला जिना उतरताना लक्षात आलं आणि मी एकटीच हसले होते. म्हणजे त्या फोटोतली बाई हसत असणार. पाठमोरी आहे म्हणून दिसत नाही.

वहीत का नाही, तेही कळलं. वहीतली कामाची नोंद मी भेटीच्या चिठ्ठ्यांवरून करते. चिठ्ठीवर पेशंटची सही असते. दार उघडलं नाही, सही नाही, चिठ्ठी नाही, म्हणून वहीत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारीणच येऊन सेल घेऊन गेली आणि मी तो जिना पार विसरले. मी फौजदाराला 'सगळं लिहिते' म्हणाले होते. मी सगळं लिहीत नाही. कामातलं, ज्याची सही मिळते तेवढंच लिहिते. याच्या जोरावर मी तुला पोलिसांच्या हाती दिलं.

तुझ्या भावोजींशी काल वाद झाला. ते म्हणतात, "धाकटीविरुद्ध काय आहे? एक पाठ. थोड्या दिवसांत आपोआप विरून जाईल. तू चौकीत गेलीस तर म्हणतील, आधी 'गेले नव्हते' म्हणाली होतीस, आता 'गेले होते' म्हणतेस. खोटारडी ठरशील."

"ठरेन."

"चोर ठरशील."

"तिला तर ठरवलंच आहे. महिनाअखेरीला दुसरी बाई घेणारेत."

"आणि तुझी नोकरी?"

त्यांनी जरा वेळ गुडघा चोळला. मग म्हणाले, "उद्या मी येतो बरोबर. मागून चालेन."

उद्या सकाळी जाणार आहोत.

ताई


१६ जुलै, बुधवार

धाकटे,

कागद तुझ्या व्यवस्थापक बाईंच्या हातात पोचला आणि तू सोमवारपासून कामावर आहेस, हे तुझ्या भावोजींकडून कळलं. तरी चौकीत काय झालं ते लिहिते, कारण तुझं नाव तिथे मी घेतलं होतं आणि ते कसं निघालं हे तुला ठाऊक असायला हवं.

शुक्रवारी फौजदाराने सगळं ऐकून घेतलं. सेलच्या नोंदवहीचं पान बघितलं. मला परत तीच खुर्ची मिळाली होती.

"म्हणजे पहिल्यांदा मी विचारलं, या तुम्हीच ना, तेव्हा त्या तुम्हीच होतात."

"हो."

"मग नाही का म्हणालात?"

"तेव्हा मी नव्हते."

त्याने पेन खाली ठेवलं. "तेव्हा नव्हतात आणि आता आहात?"

"वहीत नव्हतं, साहेब."

भिंतीशी उभी असलेली शिपाईबाई मध्येच म्हणाली, "साहेब, माझी पाठ दाखवली तर मलाही नाही ओळखता येणार."

"नसेल येणार," फौजदार म्हणाला. "पण तुम्ही बहिणीचा पत्ता नाही ना देणार."

हे तो तिला म्हणाला, माझ्याकडे बघितलंही नाही. घरी आल्यावर वहीत मी ते वाक्य लिहिलं, त्यावर कुणाची सही नसताना.

नवा जबाब झाला. तुझ्याबद्दल त्यांना आता काही म्हणायचं नाही, असा कागद त्याने करून दिला, शिक्का मारून. मग मला सांगितलं की संशय आता माझ्यावर आहे. दार उघडलं नाही हे फक्त मी सांगते. आजींना त्या दिवसाचं काही धड आठवत नाही. तपास पुरा होईपर्यंत विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही आणि दर सोमवारी अकरा वाजता येऊन सही करायची. मी लगेच शनिवारची परवानगी मागितली. "आत्ताच सांगितलं ना, गाव सोडायचं नाही," म्हणाला. मी कागदाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, टपालाने पाठवा. मी म्हटलं, टपाल उशीर करतं, आणि नाव तोंडाने घेतलं होतं, ते तोंडानेच मागे घ्यायला हवं. त्याने संध्याकाळी सातपर्यंत मोकळीक दिली.

मालकांनी मला घरभेटींवरून काढलं. मी आता मागच्या खोलीत बसून साचे घासते. कामावरून काढलं नाही हे त्यांचं मोठेपण. पण गल्ल्याच्या बाजूने जायचं असलं की ते आधी गल्ला बंद करतात. गेल्या सहा वर्षांत ते तुझ्याबद्दल कधी वाईट बोलले की मी मान डोलवायचे. आता माझ्याबद्दल कोण मान डोलवत असेल, असं मनात येतं.

शनिवारी बसने चार तास. तुझा वृद्धाश्रम मी पहिल्यांदा पाहिला. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खुर्च्या, सगळे एकाच दिशेला तोंड करून बसलेले. एका आजोबांनी मला हाक मारली, तुझ्या नावाने. मी वळले तर म्हणाले, "तू नाहीस. पाठीवरून वाटलीस." त्यांचं मशीन शिट्टी मारत होतं. मी थांबून नीट बसवून दिलं. कानात दागिना काही नव्हता त्यांच्या, देवाची कृपा.

व्यवस्थापक बाईंनी कागद दोनदा वाचला. मी तोंडीही सांगितलं की जिन्यात मी होते, ती नव्हती, नाव माझ्या चुकीने गेलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता तुमच्यावर आहे?" मी हो म्हटलं. त्यांनी त्यांची पर्स खुर्चीवरून उचलून खणात ठेवली. मग माझ्यासमोरच तुला फोन लावला, सोमवारी ये म्हणून सांगितलं आणि म्हणाल्या, "तुमची ताई इथेच आहे, बोलता?" मला वाटलं तू नाही म्हणशील. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

सहा वर्षांनी तुझा आवाज कानाशी. "ताई" म्हणालीस की नाही, ते मला नक्की आठवत नाही. म्हणालीस असं मी धरणार नाही. पुढचं नक्की आठवतं : "एकच सांग. चौकीत तू अडकली होतीस, सुटायला कुणाचं तरी नाव हवं होतं, म्हणून माझं घेतलंस? की मी चोरी केली असं तुला खरंच वाटलं?"

व्यवस्थापक बाई समोर होत्या. मी म्हटलं, "इथे नको, मी लिहिते." तू फोन ठेवलास.

बसमध्ये चार तास मी उत्तर जुळवत होते. 'अडकले होते म्हणून' असं लिहिलं असतं तर तू कदाचित समजून घेतलं असतंस. घाबरलेल्या माणसाला लोक समजून घेतात. चार दिवस मी तेच लिहून बघत होते, दोन कागद फाडले. पण मी घाबरले नव्हते. वही माझ्या बाजूने होती, मला सुटायला कुणाच्याच नावाची गरज वाटत नव्हती.

मला खरंच वाटलं. फोटो बघितल्याच्या क्षणापासून गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी आरसा हातात येईपर्यंत, सहा दिवस, मी तुला चोर समजत होते. तू सुट्टीच्या दिवशी आठ तासांचा प्रवास करून एका म्हातारीची कानातली काढून नेशील का, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नाही. जिने त्या शिंपिणीच्या आईला मशीन देऊन टाकलं होतं तीच ही, हेही मनात आलं नाही.

याच्याही खालचं एक आहे. ते तू विचारलेलं नाहीस, म्हणून मी आणखी एक कागद फाडणार होते. तो फोटो बघून मला वाईट वाटलं, पण वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. सहा वर्षांपूर्वी मी बरोबर होते, असं बरं वाटलं. क्षणभरच. पण आधी ते, आणि मग तू.

यापुढे लिहायला माझ्याकडे काही नाही. माफी हा शब्द मी लिहून बघितला, तो याच्याखाली बरा दिसेना.

कानातली कुणी नेली ते अजून कळलेलं नाही. आजींनी शेजारणीकरवी निरोप पाठवला की मशीन परत शिट्टी मारतंय आणि नवा माणूस दुखवतो, तर मशीनवाल्या बाईलाच पाठवा. मालकांनी नाही सांगितलं.

तुला यायचं असलं, भांडायला का होईना, तर घर तेच आहे. मंगळवारी तुझी सुट्टी असते, ते बरं. सोमवारी येऊ नकोस. सोमवारी अकरा वाजता माझी चौकीत सही असते, आणि तुझे भावोजीही घरी नसतात.

ताई